दंडावरची सुरसुंदरी

परवा नातू पुण्याहून नांदेडला आला. आल्या आल्या लॅपटॉप उघडून म्हणाला, "आबा, हा टॅटू काढून घेणार आहे. खांद्यापासून कोपरापर्यंत." काळ्या-करड्या छटांतली सुरसुंदरी, होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरची. घरात गदारोळ! सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगा त्याला."

मी काय सांगणार? माझ्या आईच्या कपाळावर गोंदण होतं, हातावर तुळस. मी बी.ए. होऊन मास्तर झालो, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला तिला म्हणालो, "तू नको येऊस." ते गोंदण चारचौघांत दिसू नये म्हणून. ती काही बोलली नाही. हे आज पहिल्यांदाच लिहितोय. तेव्हा 'अंगावर हे कसलं काढतोस' असं म्हणायचा अधिकार मी केव्हाच गमावलाय.

चित्राबद्दल मात्र माझं मत आहे. त्यानं ते नेटवरच्या फोटोवरून केलं होतं. झिजलेला चेहरा गुळगुळीत केलेला, दागिने नवे कोरे. बाई सिनेमातली नटी दिसत होती! म्हणून त्याला देगलूर तालुक्यात होट्टलला घेऊन गेलो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं हे मंदिर. दगडाचा रंग एकच, मूर्ती उठून दिसते ती सावलीमुळे. ऊन डोक्यावर आलं तसे भिंतीवरचे चेहरेही बदलले. नातू गप्प बसून बघत होता.

टॅटूचंही तसंच, तो म्हणाला. काळी शाई एकच, पातळ करत गेलं की करड्या छटा. आणि उजेड म्हणजे कोरी सोडलेली कातडी. मग उजेड कुठून येतो ते आधी ठरव, मी म्हणालो. काढायचंच तर मोठं काढ, बारीक नक्षी कमी कर. शाई वर्षांगणिक पसरते. आईच्या तुळशीच्या रेघा म्हातारपणी एकमेकींत मिसळल्या होत्या. आणि जे झिजलंय, तुटलंय ते तसंच राहू दे. आठ-नऊशे वर्षांचं ऊन-पाऊस पुसून टाकलं तर ती होट्टलची राहत नाही, कुठलीही होते.

आता लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला, नीलकंठेश्वराच्या मंदिरावरच्या सुरसुंदरी पाहायला जायचंय. त्या पाहिल्याशिवाय सुई लावायची नाही, ही माझी अट. त्यानं मान्य केलीय. निघताना विचारत होता, "आबा, पणजीची तुळस कशी होती? काढून दाखवाल?"

सूनबाई अजून रुसलेलीच आहे. असो.