साप नोंदवला, उंदराचे काय?

केंद्र सरकारने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जिवंत प्राणी प्रजातींच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले आणि घरोघरी पाळले जाणारे विदेशी साप व इग्वाना कायद्याच्या चौकटीत आले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीने आणलेल्या चौथ्या अनुसूचीतील प्रजाती बाळगणाऱ्यांना 'परिवेश' संकेतस्थळावर अर्ज करण्यासाठी सहा महिने देण्यात आले. हौशी पाळणाऱ्यांचा आवडता आफ्रिकी बॉल पायथन याच अनुसूचीत मोडतो. या नोंदणीचा रोख मालकीवर आहे. साप काय खातो आणि त्या खाद्यासोबत घरात काय शिरते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पाळणाऱ्याला खरी धास्ती असते ती नेमकी याच गोष्टीची.

बॉल पायथन उंदरांवर जगतो. पांढरे उंदीर प्राण्यांच्या दुकानातून किंवा घरगुती पैदास करणाऱ्यांकडून आणले जातात. एखाद्या उंदराच्या केसांत टाचणीच्या टोकाहून लहान काही हलताना दिसले की मालकाच्या पोटात गोळा येतो. हे माइट, म्हणजे गोचिडीच्या नात्यातले सूक्ष्म आठपायी जीव. ते आता सापावर चढणार, अशी त्याची समजूत होते. ही भीती बहुतांशी चुकीच्या जागी आहे. उंदराच्या केसांत राहणारे मायोबिया व मायोकॉप्टिस हे माइट केस आणि त्वचा यांच्या आधारानेच जगतात. सापाच्या खवल्यांवर त्यांना ना घर, ना अन्न. लाकडाच्या भुशातून येणारे, धान्यात आढळणारे माइटही सापाचे रक्त पीत नाहीत. मात्र केसाळ माइटांनी बुजबुजलेला, खाजवून खाजवून कातडी सोललेला उंदीर एक गोष्ट निश्चित सांगतो: पैदास करणाऱ्याकडे स्वच्छतेचा पत्ता नाही. दुकान बदलायला तेवढे कारण पुरे.

उष्ण कटिबंधातील उंदीर-माइट, ऑर्निथोनिसस बेकोटी, याचे प्रकरण वेगळे. तो रक्त पितो, उंदराच्या अंगावर मुक्काम न करता बिळात वा पिंजऱ्याच्या फटीत दडतो आणि यजमान नाहीसा झाला की जवळ सापडेल त्याला चावतो. त्या वेळी जवळ असतो तो बहुधा माणूसच. घरातल्यांच्या अंगावर अकारण खाजरे पुरळ उठले आणि खोलीत जिवंत उंदरांचा पिंजरा असेल, तर डॉक्टरांना त्या पिंजऱ्याविषयी आवर्जून सांगावे. एरवी ढेकणांवर किंवा ॲलर्जीवर खापर फोडून महिने जातात.

सापाचा खरा शत्रू उंदरातून उपजत नाही. ऑफिओनिसस नॅट्रिसिस हा सर्प-माइट सापाच्या रक्तावरच पोसतो आणि बंदिवासातील सापांच्या व्यापाराबरोबरच तो जगभर पोहोचला. ज्या दुकानात साप आणि उंदीर एकाच भिंतीला लागून ठेवतात, तिथे तो उंदराच्या डब्यावरून, भुशातून, विक्रेत्याच्या हातावरून घरी येऊ शकतो. उंदीर इथे केवळ वाहन असतो. मादी आपल्या आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालते, तीही सापावर नव्हे, तर पेटीच्या सांध्यांत आणि सालींखाली. म्हणूनच नुसता साप धुऊन काही साधत नाही. पंचवीस-तीस अंश तापमान आणि दमट हवा त्याला मानवते. आपला जून ते सप्टेंबरचा काळ त्याच्यासाठी आयती मेजवानीच. साप तासन् तास पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, पाण्यात काळे ठिपके तरंगू लागले, डोळ्यांच्या कडेला वा हनुवटीखाली काही हलताना दिसले, तर निदान जवळपास झालेच. रक्तक्षय हा त्याचा थेट परिणाम. अजगरवर्गात प्राणघातक ठरणाऱ्या, विषाणूजन्य 'समावेशपिंड' रोगाच्या प्रसारात या माइटाचा हात असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

यावर घरात जे उपाय होतात ते कधी कधी रोगाहून जालीम असतात. झुरळांवर मारायची फवारणी बंद पेटीत मारणे म्हणजे सापालाच विष देणे. गुरांसाठी सर्रास मिळणारे आयव्हरमेक्टिन कासवांना प्राणघातक ठरते. सापाला दिलेला उरलेला डोस शेजारच्या टाकीतल्या कासवावर 'खबरदारी म्हणून' वापरण्याची बुद्धी कुणालाही न होवो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे समाजमाध्यमांवरचे सल्ले औषधाची जागा घेतात.

खाद्यापुरता सोपा मार्ग आहे: मारून गोठवलेला उंदीर. काही दिवस पक्का गोठलेल्या उंदरावर माइट जिवंत राहत नाहीत. शिवाय जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो, तेही टळते. पण गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेत माणसांना झालेल्या साल्मोनेलाच्या लागणीचा माग गोठवलेल्या खाद्य-उंदरांपर्यंत लागला होता. तेव्हा तो उंदीर घरच्या मासळीशेजारी ठेवू नये आणि स्वयंपाकाच्या मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच वितळवू नये.

प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यांतील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत उंदीरही आहेत. खाद्य म्हणून विकला जाणारा उंदीर त्या नियमांनुसार तपासला जातो का, हे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाने एकदा दुकानांत जाऊन पाहावे. वनखात्यालाही या प्रश्नापासून दूर राहता येणार नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला देशी अजगर पकडणारे सर्पमित्र गावोगावी आहेत आणि त्यांपैकी कुणाच्या घरी पाळीव विदेशी सापही असू शकतो. तीच पिशवी, तीच काठी, तेच हातमोजे. विदेशी पेटीतला माइट तिथून पहिल्या अनुसूचीतल्या अजगरावर चढून रानात गेला, तर त्याला परत बोलावण्याची सोय कोणत्याही संकेतस्थळावर नाही. नोंदणी झालेल्या पाळणाऱ्यांची नावे आणि पत्ते खात्याकडे आलेच आहेत. त्यांना नव्या सापासाठी निदान दोन महिन्यांचे विलगीकरण आणि बचावकार्यासाठी वेगळी साधने, एवढी दोन बंधने लेखी कळवायला नव्या कायद्याची गरज पडू नये.