‘नाही’ म्हणणाऱ्याला किती स्टार?

सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला आणि पाच जणांचा एक ग्रुप थेट गल्लीच्या टोकाच्या पबमध्ये जाऊन बसला. आमच्या ओळखीतलाच ग्रुप. पबही ओळखीचाच. खाली मेडिकल, वर हा. ना गेटवर लाल गालिचा, ना डीजेची मोठी नावं. चार-सहा हाय टेबलं, एक मोठा स्क्रीन, मॅच असली की शेजारच्या सोसायटीतले काकाही येऊन बसतात. म्हणजे पॉश वगैरे अजिबात नाही, पण आपला.

ऑर्डर घ्यायला आलेला वेटर साधारण यांच्याच वयाचा. बिअरचं नाव काढल्यावर म्हणाला, ‘‘आधार किंवा लायसन्स दाखवता का जरा?’’ पाचपैकी दोघं एकोणीसचे, एक वीसचा, दोघं एकवीस पूर्ण केलेले. ‘‘अरे, आम्ही नेहमी येतो इथे,’’ वगैरे झालं. ‘‘मॅनेजरला बोलव’’ झालं. मॅनेजरनंही तेच सांगितलं. ‘‘नेहमी या की. पण बिअर फक्त या दोघांना.’’ मग सगळ्यांचाच मूड गेला. मसाला पापड, चीज चिली टोस्ट, फ्रेश लाइम सोडा एवढ्यावर पार्टी आटोपली आणि जिना उतरता उतरता मोबाइलवर रिव्ह्यू पडला. एक स्टार. ‘थर्ड क्लास सर्व्हिस. स्टाफला कस्टमरशी बोलायची पद्धत नाही. व्हाइब झीरो.’

हा किस्सा कळल्यावर आम्ही त्या आणि तशाच आणखी काही जागांचे रिव्ह्यू वाचत बसलो. तुम्हीही कधीतरी वाचून बघा. एक गंमत लगेच लक्षात येते. बरेचसे एक स्टार हे खराब जेवणासाठी नसतातच. ‘गेटवर आयडी मागतात’, ‘अकरानंतर गाण्यांचा आवाज कमी केला’, ‘मित्राला थोडी जास्त झाली होती तर पुढचा पेग द्यायला नकार दिला’, ‘लास्ट ऑर्डर झाली म्हणून सांगितलं आणि लाइट लावले’. आणि पाच स्टारवाल्या काही रिव्ह्यूंमध्ये काय असतं? ‘एकदम चिल प्लेस, कुणी काही विचारत नाही.’

कुणी काही विचारत नाही! या चार शब्दांवरच आज बोलायचंय.

आधी साधा हिशेब. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, व्हिस्की-रम-व्होडका यांसारख्या कडक दारूसाठी २५. जुन्या पाट्यांवर दिसणारा ‘परमिट रूम’ हा शब्दसुद्धा १९४९च्या दारूबंदी कायद्यातल्या परवान्यातून आलेला. म्हणजे एफवाय, एसवायचा जवळजवळ सगळा वर्ग आणि टीवायचा बराचसा वर्ग कायद्यानं बिअरसुद्धा मागवू शकत नाही. हा कायदा पटतो की नाही, मतदान १८ला आणि बिअर २१ला हे बरोबर आहे का, यावर कट्ट्यावर तासभर वाद घालता येईल. जरूर घाला. पण तो वाद विधानसभेशी आहे. टेबलाशी उभ्या असलेल्या वेटरशी नाही. त्यानं तो कायदा केलेला नाही, तो फक्त त्याची नोकरी करतोय.

‘पब’ हा शब्द इंग्रजीतल्या ‘पब्लिक हाउस’चं छोटं रूप. सगळ्यांसाठी उघडं असलेलं घर. इंग्लंडमध्ये प्रत्येक वस्तीचा असा एक पब असायचा आणि लोक त्याला नुसतं ‘आमचं लोकल’ म्हणायचे. जॉर्ज ऑर्वेलनं १९४६ मध्ये एका वर्तमानपत्रात आपल्या आवडत्या पबवर लेख लिहिला होता. तिथली नावानिशी ओळखणारी माणसं, बोलता येईल इतपत शांतता, मागची बाग, असं सगळं वर्णन केलं आणि शेवटी कबूल केलं, की असा पब अस्तित्वातच नाही! पण त्या यादीतून एक गोष्ट कळते. वस्तीतल्या पबची मजा ओळखीत असते. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात एका चहावर दोन तास काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ओळखीच्या घराचा नियम काय असतो? मित्राच्या घरी गेलो तर काकू आग्रहानं वाढतात, पण रात्री उशीर झाला की ‘आता गाडी चालवत जाऊ नकोस’ असंही त्याच म्हणतात. ज्या घरात आपल्याला कुणीच काही विचारत नाही, ते घर आपलं नसतं. तिथे आपण फक्त गिऱ्हाईक असतो.

पबच्या माहेरी, म्हणजे इंग्लंडात, हे नाही म्हणणं चक्क कायद्यात आहे. २००३च्या लायसन्सिंग कायद्याप्रमाणे आधीच झिंगलेल्या माणसाला आणखी दारू विकणं हा तिथे गुन्हा आहे. तिथे दारू विकत घेण्याचं वय १८, पण अनेक ठिकाणी ‘चॅलेंज २५’ नावाची पद्धत पाळतात. म्हणजे तुम्ही पंचविशीच्या आतले दिसलात की ओळखपत्र दाखवायचं, मग तुम्ही खरोखर चोवीसचे असा नाहीतर तीसचे. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट पस्तिशीतल्या माणसाला विचारलं, तर तो खूश होऊन घरी सांगतो! लास्ट ऑर्डरची घंटा ही तर तिथल्या पबची ओळखच. आपण पब घेतला, बर्गर घेतला, क्विझ नाइट घेतली. घंटा तेवढी घ्यायची राहिली.

ती नसल्याची किंमत आपण पाहिलीय. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीनं बाइकला उडवलं आणि दोन तरुण आयटी इंजिनीअर जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं आणि त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. अल्पवयीन मुलांना दारू दिल्याबद्दल पबवाल्यांवर गुन्हे दाखल झाले. जामिनाच्या अटीतल्या ३०० शब्दांच्या निबंधावर आपण सगळ्यांनी मीम्स शेअर केले, संताप व्यक्त केला. तो संताप बरोबरच होता. पण त्या रात्रीच्या गोष्टीत एक क्षण असाही होता, जेव्हा कुणीतरी ऑर्डर घ्यायला टेबलाशी उभं होतं. तेव्हा ‘आयडी दाखवा’ असं कुणी ठामपणे म्हटलं असतं आणि त्यापुढे कुणाचंही चाललं नसतं, तर? आणि तसं म्हणणाऱ्याला त्या टेबलानं किती स्टार दिले असते?

प्रश्न इथेच अडतो. रस्त्यावर अपघात झाला की आपण नागरिक असतो. ‘पबवाल्यांवर कारवाई करा’ म्हणतो. शनिवारी टेबलावर बसलो की आपण कस्टमर होतो आणि आयडी मागणारा पब आपल्याला ‘अनफ्रेंडली’ वाटतो. पबमालकाला दोन्ही आवाज ऐकू येतात. फरक एवढाच, की नागरिकाचा आवाज चार दिवस येतो आणि कस्टमरचे स्टार कायम राहतात. पुढचं गिऱ्हाईक ते बघूनच येतं. मग तो कुणाचं ऐकणार?

आमचा एक मित्र कॉलेज करता करता दीड वर्ष अशाच एका जागी संध्याकाळची शिफ्ट करत होता. तो सांगतो, ‘‘सगळ्यात अवघड काम ट्रे उचलायचं नाही. नाही म्हणायचं. टेबलवरचे सहा जण एका सुरात ओरडतात. कुणी खिशात पाचशेची नोट कोंबतो, कुणी ‘माझे वडील कोण आहेत माहितीये का’ सुरू करतो. आणि सगळं निस्तरून घरी जावं तर दुसऱ्या दिवशी मॅनेजर मोबाइल पुढे धरतो. रिव्ह्यूमध्ये माझं नाव आणि एक स्टार.’’ त्याच्या जागी काही रिव्ह्यू पाहून टिपेतला वाटा ठरायचा. तो आता तिथे नाही. त्याच्यानंतर आलेला मुलगा फारसं काही विचारत नाही म्हणे. शहाणा झाला असणार.

पोरींना विचारा, त्या हे लवकर समजतात. एखाद्या जागी दोघी मैत्रिणी गेल्या, शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ‘माझ्याकडून एक ड्रिंक’ म्हणून ग्लास पाठवला आणि वेटरनं तो परस्पर मागे नेला, की ती जागा त्यांच्या लिस्टमध्ये कायमची जाते. त्या दोघींच्या मनातले पाच स्टार हे त्या एका ‘नाही’चे असतात. इंग्लंडात लिंकनशायरमध्ये २०१६ साली याच विचारातून ‘आस्क फॉर अँजेला’ ही मोहीम सुरू झाली. सोबतच्या माणसाची भीती वाटू लागली, तर बारवर जाऊन ‘अँजेला आहे का?’ एवढंच विचारायचं. स्टाफ समजून घेतो आणि सुरक्षित बाहेर पडायला मदत करतो. अशी जागा ही खरी फ्रेंडली. तिथला स्टाफ तुमच्या बाजूनं उभा राहतो, कारण त्याला कुणाला तरी नाही म्हणायची सवय आणि मुभा असते.

आणि नाही म्हणायचा हक्क एकतर्फी नाही बरं का. तो तुम्हालाही आहे आणि तिथे मात्र आपण बावळटासारखे गप्प बसतो. बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तो सक्तीनं लावायचा नाही, अशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या उचलून धरल्या. तेव्हा ‘हा काढून द्या’ असं शांतपणे म्हणा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बिल नीट वाचायलाही शिका. खाण्यावर जीएसटी लागतो, दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. आणि सर्व्हिस चार्ज काढायला लावला, तरी ज्यानं नीट वाढलं त्याच्या हातात टिप द्यायला विसरू नका. बिल मालकाचं असतं, टिप त्याची.

तसंच बाहेर पडायच्या वाटेचं. मुंबईत कमला मिलच्या आगीत २९ डिसेंबर २०१७च्या रात्री १४ जण गेले. धुरात बाहेर पडायची वाट न सापडल्यानं काहींनी वॉशरूमचा आसरा घेतला आणि तिथेच ते गुदमरले. त्या आठवड्यात सगळ्यांनी इमर्जन्सी एक्झिटबद्दल बोलून घेतलं. आज किती रिव्ह्यूंमध्ये ‘मागच्या जिन्यात बिअरचे क्रेट रचलेले होते’ असं वाचायला मिळतं? नाचोजवर चीज कमी होतं, हे मात्र फोटोसकट असतं.

आम्ही काही ‘पबमध्ये जाऊ नका’ म्हणणारे नाही. मॅच बघायला जा, क्विझला जा, एका लाइम सोड्यावर गप्पा मारायला जा. न पिणाऱ्या मित्राची टिंगल करणाऱ्यांना मात्र गप्प बसवा. फक्त यापुढे स्टार देताना स्वतःला चार प्रश्न विचारा. आयडी मागितला का? जास्त झालेल्याला थांबवलं का? एकटी मुलगी इथे निवांत बसू शकेल का? मागचा जिना मोकळा आहे का? या चारांची उत्तरं ‘हो’ असतील तर चीज कमी पडलं म्हणून एखादा स्टार कापा, हरकत नाही. पण उत्तरं ‘नाही’ असतील तर चीज कितीही असो, पाच स्टार देऊ नका.

आणि हो, त्या पाच जणांच्या ग्रुपमधली एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांच्यापैकी ज्या दोघांना बिअर मिळू शकत होती, ते दोघंही बाइकवर आले होते. कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. त्यापुढे पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मूड गेल्यामुळे त्या रात्री कुणीच प्यायलं नाही. सगळे साडेदहाला आपापल्या घरी होते.

त्यांचा तो एक स्टार अजून तिथेच आहे. एडिट करायला अर्धं मिनिटही लागत नाही.