विश्लेषण : वाचन शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी कशाला? अमेरिकेत ‘रीडिंग स्पेशालिस्ट’चा अभ्यासक्रम वादात का?

अमेरिकेत चौथीतील सुमारे ४० टक्के मुले वाचनात ‘बेसिक’ पातळीच्याही खाली आहेत, असे २०२४च्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीतून (नेप) समोर आले. २००२ नंतरचे हे सर्वाधिक प्रमाण आहे. अशा मुलांसाठी तिथल्या अनेक शाळांत ‘रीडिंग स्पेशालिस्ट’ हा वेगळा शिक्षक नेमला जातो. त्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात काय शिकवले जाते आणि त्याचे पैसे कोण देणार, हे दोन्ही प्रश्न आता एकाच वेळी उभे राहिले आहेत.

हा शिक्षक नेमका काय करतो?

तो आधी वर्गशिक्षक असतो. काही वर्षे शिकवल्यावर साधारण दीड-दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, बहुधा नोकरी सांभाळून संध्याकाळी, उन्हाळी सुटीत किंवा ऑनलाइन, घेतो आणि राज्याकडून वेगळा परवाना मिळवतो. अटी राज्यागणिक बदलतात. अनेक ठिकाणी ‘प्रॅक्सिस’ परीक्षाही द्यावी लागते. शाळेत तो मागे पडलेल्या मुलांचे लहान गट घेतो, त्यांची चाचणी करतो, सहकारी शिक्षकांना मार्गदर्शन करतो.

या शिक्षणाचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष मुलासोबत, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेला सराव. ‘याला वाचता येत नाही’ हे कुणीही सांगेल. पण का येत नाही? एक मूल ‘क’, ‘म’, ‘ळ’ सुटे ओळखते, पण ‘कमळ’ जोडता येत नाही. दुसरे धडा घडाघडा वाचते आणि काय वाचले विचारले की गप्प बसते. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले ते हेच : शब्द उलगडता येणे आणि भाषा समजणे, या दोन्हींपैकी एक जरी नसेल तरी आकलन होत नाही. दोन्ही मुलांना एकच उपाय लागू पडत नाही, आणि चाळीस मिनिटांच्या तासाला वर्गशिक्षकाला हा फरक शोधायला सवड नसते.

मग वाद कशावरून?

केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ असल्याचे मांडले. शब्द अडला तर चित्र पाहा, संदर्भ पाहा, काय बसेल ते म्हणा, अशी शिकवण त्यातून रूढ झाली. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांच्या ‘रीडिंग रिकव्हरी’ कार्यक्रमातही या विचाराला स्थान होते. २००० मध्ये ‘नॅशनल रीडिंग पॅनेल’ने ध्वनिजाणीव, अक्षर-ध्वनी संबंधाचे पद्धतशीर अध्यापन (फोनिक्स), ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन या पाच घटकांवर भर दिला. तरी विद्यापीठांत जुनी पद्धत टिकून राहिली. २०२२ मध्ये पत्रकार एमिली हॅनफर्ड यांच्या ‘सोल्ड अ स्टोरी’ या पॉडकास्टने हा विषय पालकांपर्यंत नेला. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने ल्युसी कॅल्किन्स यांचा प्रसिद्ध वाचन-लेखन प्रकल्प गुंडाळला.

‘नॅशनल कौन्सिल ऑन टीचर क्वालिटी’ने २०२३ मध्ये प्राथमिक शिक्षकांचे सुमारे ७०० अभ्यासक्रम तपासले. पाचही घटक पुरेसे शिकवणारे फक्त २५ टक्क्यांच्या आसपास निघाले. ही तपासणी अभ्यासक्रमाच्या कागदपत्रांवरून होते, वर्गात बसून नव्हे, असा विद्यापीठांचा आक्षेप असतो आणि त्यात तथ्य आहे. पण गोची वेगळीच आहे. ‘रीडिंग रिकव्हरी’चे प्रशिक्षण विद्यापीठांमार्फत, पदव्युत्तर श्रेयांकांसह दिले जात असे. म्हणजे ज्याने जास्त शिक्षण घेतले, त्याच्या हाती जुनी पद्धत जास्त पक्की बसली आणि सर्वांत मागे पडलेली मुले त्याच्याकडेच पाठवली गेली.

मिसिसिपीने काय केले?

२०१३ मध्ये चौथीच्या वाचनात हे गरीब राज्य देशात जवळपास तळाला होते. त्या वर्षी कायदा झाला. कमकुवत शाळांत सरकारने प्रशिक्षक पाठवले, सेवेतील शिक्षकांना वाचनशास्त्राचे प्रशिक्षण दिले, तिसरीअखेर वाचता न येणाऱ्या मुलांना पुढे ढकलणे थांबवले. २०१६ पासून नव्या प्राथमिक शिक्षकांना वाचन अध्यापनाची परीक्षा सक्तीची झाली. २०२४ मध्ये राज्याची सरासरी राष्ट्रीय सरासरीच्या वर होती. मुलांना एक वर्ष मागे ठेवल्यानेच आकडे सुधारले, अशी टीका होते. ती पूर्ण उत्तर देत नाही. गेल्या दशकभरात सुमारे ४० राज्यांनी वाचनाविषयी कायदे केले. विद्यापीठांना मात्र यात टोचणारा मुद्दा असा, की मिसिसिपीचा मोठा बदल पदवीच्या वर्गात नव्हे तर शाळेत जाऊन घडवला गेला.

पैशांचा प्रश्न कोणता?

‘टीच’ या संघराज्य अनुदानाच्या गरजेच्या विषयांत रीडिंग स्पेशालिस्टचे नाव आहे. वर्षाला कमाल ४,००० डॉलर मिळतात. बदल्यात आठ वर्षांत चार वर्षे गरीब वस्तीच्या शाळेत शिकवावे लागते. अट मोडली की अनुदानाचे कर्ज होते. जुलै २०२५च्या कायद्याने ‘ग्रॅड प्लस’ कर्जे नव्या विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद करण्याचे ठरवले आणि सामान्य पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा घातली. वैद्यक, कायदा यांसारख्या ‘व्यावसायिक’ पदव्यांना ५०,००० डॉलरची मुभा आहे. सरकारी विद्यापीठातील एम.एड.ला ही मर्यादा सहसा पुरेल. महागड्या खासगी विद्यापीठांत आणि राहण्याचा खर्च जड असलेल्या शहरांत ती जाचेल. त्यातच फेब्रुवारी २०२५ मध्ये शिक्षक प्रशिक्षणाची कोट्यवधी डॉलरची अनुदाने रद्द झाली.

महाराष्ट्रासाठी यात काय?

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत असे पद नाही. हा भार वर्गशिक्षकावरच असतो. ‘असर २०२४’नुसार देशातील सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. ‘निपुण भारत’चे उद्दिष्ट २०२६-२७ चे आहे.

अमेरिकी अभ्यासक्रम जसाचा तसा उचलून मात्र चालणार नाही. इंग्रजीची अडचण स्पेलिंगच्या लहरीपणात आहे. मराठीत उच्चार बराच नियमित, पण स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे धरून ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी. पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे झालेल्या ‘लिरिल’ या दीर्घकालीन अभ्यासात (अहवाल २०१७) तिसरीपर्यंतही बरीच मुले अक्षरे व मात्रांवर अडलेली आढळली. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन आणि वाड्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेने मराठी वाचन शिकवण्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेल्या शिक्षकाला नोकरी सांभाळून हे ज्ञान, मुलासोबतच्या देखरेखीतील सरावासह, मिळेल अशी पदवी आणि त्यानंतर वेतनश्रेणीत त्याची नोंद, या दोन्ही गोष्टी आज राज्याच्या शिक्षण विभागाच्या अजेंड्यावर ठळकपणे दिसत नाहीत.