संमतीची कक्षा

परस्परांच्या संमतीने दिलेली वेदना गुन्हा ठरावी काय? ११ मार्च १९९३ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ब्राऊन खटल्यात या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले. मात्र तीन विरुद्ध दोन मतांनी. समलिंगी पुरुषांच्या गटात बंद दाराआड घडलेल्या त्या कृत्यांविषयी कोणाचीही तक्रार नव्हती, कायमची इजाही कोणाला झाली नव्हती. तरीही १८६१ च्या कायद्याखालील शिक्षा कायम राहिल्या. उलट, १९९६ मध्ये पत्नीच्या इच्छेवरून तापल्या सुरीने तिच्या अंगावर आपली आद्याक्षरे डागणारा पती अपिलात निर्दोष सुटला. या दोन न्यायांतील विसंगती उघड आहे.

तथापि प्रश्नाला दुसरी बाजू आहे. स्त्रीच्या मृत्यूनंतर 'हे तिच्याच संमतीने घडले' असा बचाव केला जाऊ लागला, तेव्हा तो खोडून काढण्यास ती हयात नसे. म्हणूनच लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर इजेला संमती हा बचाव ठरत नाही, असे इंग्लंड व वेल्सपुरते २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्याने स्पष्ट केले.

'बीडीएसएम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संबंधांतील जाणती माणसे स्वतःच काही बंधने पाळतात. काय चालेल व काय नाही, हे आधी ठरवावे. थांबण्यासाठी सांकेतिक शब्द असावा. बोलता येत नसेल तेथे हाताची खूण असावी. नशेत काहीही करू नये. या साऱ्यांचे सार एकच : दिलेली संमती कोणत्याही क्षणी परत घेता आली पाहिजे. गळा आवळण्यातील धोका येथेच आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटताच काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि बेशुद्ध व्यक्ती नकार देऊ शकत नाही.

भारतीय कायद्यानेही ही सीमा १८६० पासूनच ओळखली आहे. दंडसंहितेचे कलम ८७ व आजच्या न्याय संहितेचे कलम २५ प्रौढाच्या संमतीला मान देते. परंतु मृत्यू वा जबर दुखापत घडविणाऱ्या कृत्याला नव्हे. प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हेही २०१३ च्या दुरुस्तीने सांगितले. मात्र बलात्काराच्या व्याख्येतून पतीला वगळणारा अपवाद नव्या संहितेनेही कायम ठेवला. नकार देण्याचा अधिकारच जेथे विवाहाबरोबर संपतो, तेथे होकाराला कोणता अर्थ उरतो?