गुणांची पायली एक कशी होणार?

दशमान पद्धतीची वजनेमापे रूढ होण्यापूर्वी एका बाजारपेठेतील पायली दुसऱ्या बाजारपेठेतील पायलीशी जुळतेच असे नव्हते. व्यापाऱ्याला हा फरक तोंडपाठ असे. नागली विकावयास आलेल्या शेतकऱ्याला तो घरी परतल्यावर कळे. 1956 साली वजनमापांचा कायदा होऊन धान्याच्या बाबतीतील हा घोळ कालांतराने मिटला. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या बाबतीत मात्र तो आजही कायम आहे, आणि येथेही फरकाचे ज्ञान एकाच पक्षाकडे आहे.

अकरावीच्या प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन पद्धत पूर्वी नाशिकसह काही महानगरांपुरती मर्यादित होती. 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून ती साऱ्या राज्यास लागू झाली. त्यामुळे सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून दहावी झालेली मुलगी नाशिकमधील महाविद्यालयाची इच्छा धरील, तेव्हा तिचे राज्य मंडळाचे गुण आणि शहरातील केंद्रीय मंडळाच्या विद्यार्थ्याचे गुण एकाच यादीत शेजारी शेजारी मांडले जातील. दोन्ही आकडे शेकड्यातलेच असतात. म्हणून ते एकाच मापाचे आहेत असा समज होतो. तो समज खरा नाही.

राज्य मंडळात उत्तीर्ण होण्यास शंभरांपैकी पस्तीस गुण लागतात, केंद्रीय मंडळात तेहतीस. सीमेपलीकडील गुजरातच्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर गुणांबरोबर श्रेणी व शततमक क्रम हेही छापलेले असतात. केंद्रीय मंडळाने मध्यंतरी काही वर्षे दहावीला गुणांऐवजी दहा बिंदूंची श्रेणी दिली आणि तिला साडेनऊने गुणून टक्केवारी काढावी असे सुचविले. परिणामी सर्वोच्च श्रेणी मिळविणाऱ्यासही पंचाण्णवच टक्के पडत. एवढेच नव्हे, तर एकाच मंडळाचे मापही स्थिर राहत नाही. आपल्या राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली अंतर्गत मूल्यमापनाचे गुण काढून टाकताच तो 77.10 टक्क्यांवर आला, आणि ते पुन्हा सुरू होताच 2020 साली 95.30 टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत मुलांची बुद्धी अशी खालीवर होत नसते. बदलले होते ते माप. अर्थशास्त्रात नाण्याचे मोल घसरण्याला चलनवाढ म्हणतात. गुणांच्या या सुजेलाही दुसरे नाव शोधण्याचे कारण नाही.

शासनाने यावर उपाय शोधलेच नाहीत असे म्हणता येणार नाही. 2008 साली मंडळामंडळांतील गुणांचे समानीकरण करणारे सूत्र आले. ते मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाही. 2009 साली राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा निर्णय झाला. त्याचीही तीच गत झाली. 2010 साली सहापैकी उत्तम गुणांचे पाच विषय धरण्याचे धोरण आले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले.

या पाच विषयांच्या सूत्राचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एखाद्या विद्यार्थिनीला मराठीत 78, हिंदीत 74, समाजशास्त्रात 72, विज्ञानात 66, गणितात 61 आणि इंग्रजीत 46 गुण आहेत असे समजू. सहा विषयांची तिची टक्केवारी 66.17 होते. इंग्रजी वगळताच ती 70.20 वर जाते. चार टक्क्यांचा हा लाभ प्रवेशाच्या दिवशी मोलाचा असतो, यात शंका नाही. पण वगळलेले इंग्रजी विज्ञान शाखेच्या पहिल्याच तासाला समोर उभे राहते. सूत्राने आकडा वाढविला; उणीव भरून काढण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही.

रूपांतराचे प्रत्येक सूत्र हे मुळात एक धोरण असते. जर्मनीत परकीय गुणांचे रूपांतर करताना बहुधा कमाल गुण व उत्तीर्णतेचे किमान गुण या दोहोंचा आधार घेतात. तेथे एक ही सर्वोत्तम श्रेणी असते. या रीतीने आपले पंचाहत्तर टक्के, उत्तीर्णतेची मर्यादा पस्तीस धरल्यास, 2.15 होतात, मर्यादा चाळीस धरल्यास 2.25 होतात. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिका तीच. विनिमयाचा दर कोणी, कशाच्या आधारे ठरविला, हे अर्ज भरणाऱ्याला ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सर्वांसाठी एकच प्रवेश परीक्षा घेतली की प्रश्न सुटतो, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी अशी परीक्षा सुरू झाली आहे, आणि राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेशही प्रामुख्याने प्रवेश परीक्षेवर होतात. माप एक झाले, हे मान्य. परंतु ज्या तालुक्यात शिकवणी वर्गांची वानवा आहे आणि पावसाळ्यात वीज व दूरध्वनीचे जाळे यांचा भरवसा नाही, तेथील मुलाला हे एक मापही दुरूनच पाहावे लागते. मंडळांच्या मापातील विषमता जाऊन तिच्या जागी शिकवणीच्या बाजारातील विषमता यावी, ही सुधारणा नव्हे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, राज्य मंडळाने गुणपत्रिकेवर गुणांबरोबर विद्यार्थ्याचा शततमक क्रमही छापावा. गुजरातेत जे होते ते येथे अशक्य नाही. मात्र हा क्रम प्रत्येक मंडळातील विद्यार्थिवर्ग सारखाच आहे असे गृहीत धरतो, म्हणून तो एकटा पुरेसा नाही. दुसरी गोष्ट, प्रवेशासाठी जे सूत्र वापरावयाचे ते परीक्षेपूर्वी, मराठीत, सोडविलेल्या उदाहरणासह प्रत्येक शाळेच्या फलकावर लागले पाहिजे. निकालानंतर सूत्र ठरविणे म्हणजे धान्य ओतल्यावर पायली बदलणे होय. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील काही जागा प्रत्येक शाळेतील अग्रक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1997 साली प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्य विद्यापीठांत प्रवेशाची हमी देणारा कायदा केला. घटनात्मक आरक्षणाला पर्याय म्हणून नव्हे, तर त्याला पूरक म्हणून ही कल्पना आपल्याकडे तपासून पाहावी.

यामुळे गुणवत्तेचा ऱ्हास होईल, असा आक्षेप येईल. परंतु गुणवत्ता म्हणजे काय? विज्ञानाच्या शिक्षकाविना वर्ष काढून, वसतिगृहाच्या गलक्यात अभ्यास करून आपल्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलीचे अडुसष्ट टक्के आणि सर्व साधने हाताशी असलेल्या मुलाचे नव्वद टक्के यांत कोणाची गुणवत्ता अधिक, याचा निर्णय केवळ आकड्यांकडे पाहून देता येणार नाही. हे विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर त्यांच्या इंग्रजी व गणिताची पहिल्या सहामाहीत स्वतंत्र तयारी करून घेणे, हा या योजनेचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

गुणपत्रिकेवरील आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो. त्याचे मोल ठरविणारा व्यवहार उजेडात व्हावा, एवढीच मागणी येथे आहे. बाजारात नागली मोजून देणाऱ्या बापाला पायलीचा तळ पाहण्याचा हक्क असतो. त्याच्या लेकीला गुणांच्या बाबतीत तोच हक्क मिळावा, हे काही फार मागणे नव्हे.