डी मारियाला काढलाच कशाला?

आमचे कोल्हापूरचे मामा सध्या मुक्कामाला आहेत. नेहमीच्या वाचकांना ते ठाऊक आहेत. आमच्या इमारतीचा जिना चुकीच्या बाजूला आहे हे वॉचमनला पटवून देणारे ते हेच. यंदा त्यांनी आल्या आल्या २०२२च्या वर्ल्डकपची फायनल लावायला सांगितली. अर्जेंटिना जिंकली, मेस्सीनं कप उचलला, तरी मामांचा राग गेलेला नाही. "डी मारियाला काढलाच कशाला त्यानं?"

'त्यानं' म्हणजे कोच स्कालोनीनं. त्या रात्री डी मारिया डाव्या बाजूला खेळला आणि फ्रान्सची उजवी फळी पार विस्कटली. त्यानंच पेनल्टी मिळवून दिली, दुसरा गोलही त्याचाच. फ्रान्सच्या देशाँनी हाफटाइमचीही वाट न बघता ४१व्या मिनिटाला जिरू आणि डेम्बेलेला बसवलं. ६४व्या मिनिटाला डी मारियाच्या जागी आकुन्या आला. ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल झाले.

मी म्हटलं, मामा, तो दुखापतीतून उठला होता, आधीचे दोन्ही सामने बेंचवर बसून सुरू केले होते. आणि पहिल्या गोलाची पेनल्टी मिळवली कोलो मुआनीनं, दुसऱ्याच्या आधी मेस्सीकडून बॉल काढला कोमाननं. दोघेही बदली. स्कालोनी चुकला म्हणण्यापेक्षा देशाँचं जमलं म्हणा की.

"जमलं तर मग कोमानची पेनल्टी कशी अडली?"

मग मी हुकमाचा एक्का काढला, माँटिएल. जादा वेळेच्या सुरुवातीला आला, ११६व्या मिनिटाला त्याच्या हाताला बॉल लागला, फ्रान्सला पेनल्टी मिळाली, ३-३. आणि शूटआउटमधली शेवटची, कप जिंकून देणारी पेनल्टीही त्याचीच. हा बदल बरोबर की चूक? मामा म्हणाले, "चहा टाक."

खरं तर मामांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल... कोल्हापुरात तालमींनी कुस्तीगीर पोसले तसे फुटबॉलचे संघही पोसले. तिथं लेफ्ट बॅक हा समोरच्या गल्लीतला पोरगा असतो. एकदा मामांनी गॅलरीतून कोचला ओरडून सांगितलं, "म्हाईचं मटण हाणून आलाय त्यो, सेकंड हाफला पळायचा न्हाई! आत्ताच काढ!" कोचनं ऐकलं नाही. उत्तरार्धात तो पोरगा कमरेवर हात ठेवून उभा, आणि त्याच बाजूनं गोल. मामांच्या शेजारच्या माणसानं त्यांना न मागता शेंगदाण्याची पुडी दिली.

टीव्हीवरच्या पंडितांकडे पळण्याचे आकडे असतात, कोणी कुठं उभं राहायचं याचे रंगीत बाण असतात. आदल्या रात्री कोण किती वाटी रस्सा प्यायला, हे कोणाकडेच नसतं. मामांची पंचाईत एवढीच की स्कालोनीच्या संघातलं कुणी त्यांच्या पेठेत राहत नाही. ती उणीव ते आवाज चढवून भरून काढतात.

मामा मुळात आलेत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. ते झालं. रविवारी त्यांच्या तालमीची मॅच आहे, आणि डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलंय. मामांनी काल रात्री बराच विचार केला. डॉक्टर बदलायचा म्हणतायत.