यंत्रापुढचा माणूस

लेकीकडे न्यू जर्सीला गेलं, की आमच्यासारख्या सेवानिवृत्तांचा कार्यक्रम ठरलेला असतो: स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एडिसनमधली भारतीय दुकानं आणि नातवाची शाळेत ने-आण. २०२३ च्या मे महिन्यात मात्र नातवाने वेगळाच हट्ट धरला. ब्रुकलिनमध्ये विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं. "तिथे सगळ्याला हात लावायचा असतो, आजोबा!" 'हात लावू नये' अशा पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला एवढं आमिष पुरेसं होतं.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कलाविद्यालयात 'इंटरॅक्टिव्ह टेलिकम्युनिकेशन्स प्रोग्रॅम' हा अभ्यासक्रम १९७९ साली सुरू झाला. रेड बर्न्स या बाईंनी तो नावारूपाला आणला. तिथले विद्यार्थी डिसेंबरात आणि मे महिन्यात आपलं काम लोकांपुढे मांडतात. ३७०, जे स्ट्रीट ही इमारत १९५१ पासून शहराच्या वाहतूक खात्याचं मुख्यालय होती. भुयारी रेल्वेच्या भाड्याची रोकड खास गाडीने इथे येई आणि २००६ पर्यंत इथेच मोजली जाई. हे कळल्यावर, उमेदीची वर्षं कॅश मोजण्यात घालवलेल्या मला आपल्याच शाखेत आल्यासारखं वाटलं.

आत जत्रा भरली होती. टेबलाटेबलावर तारा, दिवे, लाकूड, कापड. कुठे जवळ गेलं की सूर बदले, कुठे फुंकर घातली की पडद्यावरची पानं हलत. यामागची युक्ती समजायला अवघड नाही. सेन्सर अंतर, उजेड, स्पर्श टिपतो, तळहातावर मावेल एवढा संगणक हिशेब करतो आणि दिवा, मोटार किंवा आवाज उत्तर देतो. 'आर्डुइनो' हा असाच स्वस्त बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी जन्मला. तो घडवणाऱ्या पाच जणांपैकी टॉम आयगो इथले प्राध्यापक. इथेच शिकवणाऱ्या डॅनियल रोझिन यांनी १९९९ मध्ये लाकडाचा आरसा केला. त्यातले ८३० तुकडे मोटारींनी कलतात आणि समोरच्या माणसाची आकृती उमटते. समोर माणूसच नसेल तर ते नुसतं लाकूड. श्रोत्यावाचून कीर्तन कसलं, तसंच हे.

एका मुलीच्या टेबलावर पेटी होती. "काय करायचं?" मी विचारलं. "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तिने उलट विचारलं. सवयीने मी हात जोडले. पेटीतून भलताच सूर निघाला. मी ओशाळलो. "चुकलं का काही?" ती हसली. "चूक कसली? असं कुणी करील हे मला सुचलंच नव्हतं." आणि तिने वही काढून ते लिहून घेतलं.

त्या वहीने मला आमच्या शाखेत नेऊन उभं केलं. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. पुढे यंत्रं आली, लेजर गेली. नोकऱ्या जातील का, या प्रश्नावर आम्ही रात्री जागवल्या. काउंटरपलीकडच्या माणसाचं काय होईल, यावर मात्र आमची एकही बैठक झाली नाही. मग एटीएम आलं. पेन्शन घ्यायला एकट्या येणाऱ्या एका आजींना मी त्या पडद्यापुढे उभं केलं. कार्ड दोनदा परत आलं. मागे रांग वाढत होती. "आजी, तुम्हाला नाही जमायचं," मी म्हणालो. पुढच्या महिन्यापासून त्यांचा नातू येऊ लागला. आजी पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्यांचं बोट नेमकं कुठे अडखळलं, हे लिहून घ्यावंसं मला वाटलं नाही.

आज पैसे फोनवरून जातात आणि घरोघरी तेच वाक्य ऐकू येतं: "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." असल्या प्रदर्शनांना कुणी खेळ म्हणेल. खेळ तर ते आहेतच. पण माणसाकडे नीट पाहायची तालीम या खेळातच होते. आपल्या महाविद्यालयांतही प्रकल्प मांडले जातात आणि परीक्षक गुण देऊन जातात. त्या दिवशी शेजारच्या आजींना, भाजीवालीला, वॉचमनलाही बोलवावं. त्यांचा हात कुठे थबकतो, ते पाहावं. यंत्र बदलता येतं, पण एकदा खचलेला माणूस सहसा परत येत नाही.

परतताना गाडीत नातवाने विचारलं, "आजोबा, सगळ्यांत काय आवडलं?"

"ती वही," मी म्हणालो.